अक्कांचं एकशे ब्याण्णव

माझे वडील कबनूरला दुसऱ्याच्या यंत्रमागावर कापड विणायचे. पगार आठवड्याला, मीटरवर, रोख. आई घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. एका दुपारी सूत वाहणारा टोकदार धोटा मागातून उडाला आणि वडिलांच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. दवाखान्याच्या खर्चाचं विचारायला आम्ही मालकाच्या दारात गेलो, तर तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "ह्यो माझा कामगारच न्हाय. बदलीवर आलता."

माझ्या जन्माच्या आधीपासून बदलीवर! पण दाखवायला आमच्याकडं चिटोरंसुद्धा नव्हतं. वडील भांडले नाहीत. पुढं ते सुताला खळ लावायच्या एका कारखान्यात, सायझिंगवर, राखणदार म्हणून बसले, आणि आईच्या कांड्या दुप्पट झाल्या.

त्या घरातून मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पहिला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. पुढं लॅबचा डिप्लोमा केला आणि कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका खाजगी दवाखान्यात, रक्त-लघवी तपासायच्या खोलीत नोकरीला लागलो. पहिल्या पगाराची स्लिप घरी नेली तेव्हा आईनं ती देव्हाऱ्यात ठेवली. वडिलांनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "तुझं नाव छापलंय की." मलाही तेवढं पुरेसं होतं. नाव छापलंय म्हणजे आपण त्यांचे झालो.

हा समज मोडला तो अक्कांनी.

अक्का म्हणजे सुरेखाअक्का, पुरुष वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. माहेर-सासर दोन्ही गडहिंग्लज तालुक्यातलं, अगदी हद्दीवरचं, त्यामुळं बोलण्यात कानडी पेरलेली. धाकट्या माणसाला 'तम्मा' आणि धाकट्या बाईला 'तंगी'. मोठ्या डॉक्टरांना 'डॉक्टर', पुढं सर-बिर काही नाही. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. अक्का तर 'येतो' म्हणाल्या की जिन्यावरून दोन मजले ऐकू जायचं. रंग काळा, बांधा आटोपशीर, केस इतके घट्ट बांधलेले की बघणाऱ्याचं डोकं दुखावं. डब्यात बारमाही शेंगाची चटणी. ती सगळ्यांना मिळायची, पण ज्याचं काम उरलंय त्याला नाही.

पगाराच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे गच्चीवर चहाला जमायचो. माझ्या दुसऱ्याच महिन्यात अक्कांनी माझ्या हातातली स्लिप ओढून घेतली आणि तळाच्या आकड्यावर, म्हणजे हातात पडणाऱ्या रकमेवर, अंगठा दाबला.

"हं तम्मा. आता वाच."

"काय वाचू? आकडा तुम्ही झाकलाय."

"त्यो तर म्हशीलाबी कळतोय. वरचं वाच. काय काय गेलं आन् कशापायी गेलं?"

मी वाचलं. टीडीएस, पुढं १९४ जे. खाली उशिरा हजेरीची कपात.

"ह्ये १९४ जे म्हंजे काय?"

"टॅक्स."

"टॅक्स तर हायच. पण कुणाचा? ग्रॅज्युएट हाईस न्हवं?"

 खरं म्हणजे तेव्हा त्यांनाही पुरतं माहीत नव्हतं. त्यांनी ते शोधायला घेतलं होतं, आणि शोध लागेपर्यंत त्या एकट्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. आम्हा सगळ्यांना त्यांनी त्या प्रश्नाला जुंपलं.

प्रश्न सुचला होता नवऱ्यामुळं. अक्कांचे यजमान एसटीत कंडक्टर. त्यांची स्लिप आणि अक्कांची स्लिप एकदा जेवणाच्या ताटाशेजारी पडलेली. त्यांच्या कागदावर ओळीच ओळी: मूळ पगार, महागाई, भविष्य निधी, काय नि काय. अक्कांच्या कागदावर एक रक्कम आणि एक कपात. "एवढी वर्सं घासली," अक्का सांगायच्या, "आन् माझा कागद असा मोकळा, जशी मी पावणीच हाय दवाखान्यात. चहा प्यायला आलतो, जातो आता."

दवाखाना पूर्वी एका ट्रस्टचा होता. तेव्हा त्यांचीही स्लिप लांब होती. मग व्यवस्थापन बदललं, सगळ्यांकडून नव्या करारावर सह्या घेतल्या. फंड कापला जाणार नाही, हातात जास्त पडेल, असं सांगितलं; आणि पडलंही. "त्यो करार मी वाचून सही केलता," अक्का म्हणायच्या. "वाचला, पण समजून घेतला न्हाय. वाचणं येगळं आन् समजणं येगळं." तेव्हापासून त्यांनी सवयच लावून घेतली. कुरिअरवाल्याची पोचपावती असो की मंडळाच्या वर्गणीची पावती, अक्का ती मोठ्यानं, बोट ठेवून वाचायच्या, अडलेला शब्द विचारायच्या आणि मगच सही. एकदा ऑक्सिजनच्या सिलिंडरची गाडी खाली थांबलेली आणि ड्रायव्हर घायकुतीला आलेला. "बाई, सगळीकडं हाच कागद असतोय हो!" अक्का चष्मा सारखा करत म्हणाल्या, "मग आजपातूर किती जणांनी तुला ह्याचा अर्थ सांगितला, पावणं?" मग सिलिंडर मोजून घेतले. एक कमी निघाला, असं मी लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण सगळे बरोबर होते. अक्कांनी सही केली आणि ड्रायव्हरला चहा पाजला.

तर १९४ जे. शाहूपुरीतच एक कर सल्लागार होता, तो आम्हा सगळ्यांचे रिटर्न भरायचा. अक्का त्याच्यासमोर जाऊन बसल्या आणि समजून उठल्या. पुढच्या पगाराला गच्चीवर त्यांनी आम्हाला सांगितलं ते असं: पगारदाराचा कर कापतात तो कलम १९२ खाली. पगार कमी असेल तर त्यात काहीच कापलं जात नाही. आणि १९४ जे हे कलम फी घेणाऱ्यांचं. डॉक्टर, वकील, बाहेरून सल्ला द्यायला येणारे. त्यांचे सरसकट दहा टक्के कापतात. जसा जमिनीला सातबारा, तसा कराचा उतारा असतो, सव्वीस एएस म्हणून. त्यावर आपल्या नावापुढं कुठलं कलम पडलंय, त्यावरून सरकारदरबारी आपण कोण ते ठरतं.

"म्हंजे आपण कोण?" वॉर्डबॉय दिनकरमामांनी विचारलं.

"कागदावर आपण धंदेवाले. माझ्या रिटर्नात लिवलंय, वैद्यकीय व्यवसाय. मी डॉक्टर झालोय, दिनकर. आजपासनं मला तपासायची फी दे."

सगळे हसले. हसलो, पण फारसं कुणी हललं नाही. त्याला कारण होतं. ते दहा टक्के आम्हाला परत मिळायचे. रिटर्न भरलं की गणपतीच्या आधी खात्यात रिफंड जमा. दवाखान्यात त्याला सगळे 'गणपतीचा बोनस' म्हणायचे. काही जण तर तो मॅनेजर साहेबांच्या कृपेनं मिळतो असं मानून त्यांना पेढे द्यायचे. आपलेच कापलेले पैसे परत आले म्हणून कापणाऱ्याला पेढे! मीही दिलेत, खोटं कशाला बोलू.

"अक्का, एकशे ब्याण्णव झालं तर रिफंड बंद हुईल की," दिनकरमामा म्हणाले.

"कापलंच न्हाय तर परत काय यील?"

"मग गणपतीला काय करायचं?"

"मी दर म्हैन्याला तुझ्या खिशातनं नोट काढून घेतली आन् गणपतीला तुझी तुलाच दिली, तर तू काय माझी आरती करशील?"

"करीन की. तुम्ही देतासा कुठं?"

असं ते चाललेलं. एक गंमत, पगाराच्या दिवसापुरती. रेश्माला दिवस गेले नसते तर ती गंमतच राहिली असती.

रेश्मा अक्कांच्याच वॉर्डात स्टाफ नर्स. लग्नाला बरीच वर्षं झालेली, आधी एकदा पोट पडलेलं. नवरा एका गॅरेजात हंगामी. पाचवा महिना लागल्यावर तिनं बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. तुम्ही कर्मचारी नाही, व्यावसायिक सल्लागार आहात. तुम्हाला पगारी रजा लागू नाही. करार थांबवता येईल. नंतर जागा असली तर नवा करार करू.

रेश्मानं तो कागद वॉर्डातच अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी नेहमीसारखा मोठ्यानं वाचला. पण शेवटची ओळ वाचताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. 'जागा असली तर.' त्यांनी कागदाची घडी घातली. "तंगी, अर्ज मागं घ्यायचा न्हाय. तुझं पोट पुढं आन् आपण मागनं."

त्या दिवसापासून अक्कांचं एकच काम. बाळ यायच्या आत १९४ जेच्या जागी १९२ आलं पाहिजे, म्हणजे कागदावर आम्ही नोकर ठरलो पाहिजे. आलं तर रेश्माला सहा महिन्यांची पगारी रजा आणि नोकरी शाबूत. नाही आलं तर घरी.

आधी त्या मॅनेजर साहेबांकडं गेल्या. मी रिपोर्ट द्यायला केबिनमध्ये होतो, मला बाहेर जा म्हणायचं साहेबांना सुचलं नाही.

"अक्का, हे टॅक्सचं आहे. टेक्निकल असतं."

"असू दे की. सलाईनची शीर सापडणंबी टेक्निकलच हाय. सांगितलं की समजतंय."

"तुम्हाला प्रोफेशनल केलंय. मान आहे तो."

अक्कांनी स्वतःची स्लिप टेबलावर ठेवली. "मग ही खालची ओळ कशाची? उशिरा हजेरी. डोळ्याचं डॉक्टर मंगळवारी येत्यात, ते प्रोफेशनल. त्येनला तासभर उशीर झाला तर तुम्ही त्येंच्यासाठी चहा ताजा करायला सांगता. मला बस चुकून उशीर झाला तर पैसे कापता. सल्लागाराला कुणी लेट मार्क लावतंय व्हय? एकाच कागदावर मी मालकीणबी आन् नोकरबी. एक कायतरी ठरवा, साहेब."

साहेबांनी स्लिप जवळ ओढून त्या दोन ओळी बघितल्या. एकीखाली एक छापलेल्या होत्या. दर महिन्याला. आमच्यातल्या कुणालाही त्या एकत्र दिसल्या नव्हत्या. मग ते गोड आवाजात म्हणाले, "तुमचं एकटीचं पगारात करून देतो. इनचार्ज आहात. वाढही देतो."

"रेश्माचं आधी करा."

"ती नवीन आहे."

"बाळ तिला हुणार हाय, मला न्हाय," अक्का म्हणाल्या आणि स्लिप उचलून बाहेर आल्या.

पुढच्याच आठवड्यात अक्कांची बदली तळघरात झाली, हत्यारं आणि कपडे निर्जंतुक करायच्या खोलीत. इनचार्जगिरी गेली. खाली वाफ, घाम, खिडकी नाही. मी विचारलं, कसं आहे अक्का? "बेस हाय. हितं समदं उकळतंय, माझ्यासकट."

त्यांच्याही चुका होत. सुट्टी टाकून त्या आधी गेल्या आयकराच्या ऑफिसात. तिथल्या बाबूनं सांगितलं, कर कापलाय, भरलाय, आमची काही तक्रार नाही. तुम्ही नोकर आहात का नाही ते आम्ही ठरवत नाही, भविष्य निधीच्या ऑफिसात जा, कामगार ऑफिसात जा. एक दिवस वाया. परत आल्या त्या हसतच. "चुकीच्या वॉर्डात गेलतो, तम्मा. पेशंट हाडाचा आन् नेला कानाच्या डॉक्टरकडं."

मग दोन्ही ऑफिसांसाठी अर्ज तयार झाला. मराठी अक्कांची, टाइप मी केला. सोबत ड्युटीचा तक्ता, हजेरीच्या मशीनची नोंद, लेट मार्क लागलेल्या स्लिपा. आता सह्या हव्या होत्या, आणि सह्या घ्यायची अक्कांची तऱ्हा अशी की, आधी त्यानं पूर्ण अर्ज वाचायचा आणि मग आपल्या शब्दांत त्यांना सांगायचा. तळघरात एकेक जण जायचा आणि परीक्षा देऊन आल्यासारखा वर यायचा.

दिनकरमामा वैतागले. "अक्का, मी वाचलं असं समजा की."

"समजायचं न्हाय. उद्या साहेबांनी इचारलं, तर अक्कानं सही घेतली म्हणशील. मी सही केली, असं म्हणता आलं पायजे. सांग, ह्यात काय मागितलंय?"

"आमाला कामगार म्हना."

"आन् त्येचा तोटा काय?"

"फंड कापून हातात कमी पडणार. रिफंडबी जाणार."

"मग सही का करतोस?"

मामांनी डोकं खाजवलं. "पोरगी बाळंत व्हायला हवी न्हवं नीट." अक्का हसल्या आणि पेन दिलं.

मी तर टाइप करणारा; तरी मलाही वाचायला लावलंच. सगळ्यांनी मात्र सह्या केल्या नाहीत. काही जण रजेवर गेले, काहींनी अक्कांना बघितलं की जिना बदलला. अक्कांनी त्यांच्याशी बोलणं तोडलं नाही, फक्त चटणी तोडली.

सातव्या महिन्यात रेश्माच ढासळली. घरचे म्हणत होते, नाद सोड, करार थांबवून घे, निदान नंतर दारात उभं करतील. ती तळघरात येऊन रडायला लागली. अक्कांनी तिला स्टुलावर बसवलं आणि वॉर्डातून बीपीचं मशीन आणवलं.

"रडून बीपी चढवू नगो. आधी मोजू या."

बीपी ठीक निघालं. मग म्हणाल्या, "मागं घ्यायचा तर घे. तुझा अर्ज हाय, मी कोण? मग मी माझ्या नावानं टाकतो."

"तुम्हाला कुठं बाळ हुतंय अक्का, आता?" रेश्मा रडता रडता हसली.

"कागदावर डॉक्टर हुतोय, तर बाळाचं काय अवघड हाय!"

अर्ज राहिला.

भविष्य निधीच्या ऑफिसातून एक दिवस अधिकारी बाई आल्या. आरडाओरडा नाही, धाड-बिड नाही. त्यांनी हजेरीचं मशीन बघितलं, ड्युटीचा तक्ता मागितला, लेट मार्कच्या स्लिपा शेजारी शेजारी मांडल्या आणि आम्हाला एकेकाला बोलावून विचारलं: रजा कोण देतं, पाळी कोण ठरवतं, उद्या आला नाहीत तर काय होतं? सगळ्यांनी आपापल्या शब्दांत उत्तरं दिली. परीक्षा आधीच झालेली होती. दिनकरमामा तर न विचारलेलंही सांगून आले. नंतर दवाखान्याला नोटीस आली. व्यवस्थापनाच्या सल्लागारांनी हिशेब मांडला असावा, की लढण्यापेक्षा बदलणं स्वस्त. रेश्माला आठवा लागून गेला होता तेव्हा सगळ्यांचे, कर्मचारी म्हणून, नवे नेमणुकीचे कागद आले. अक्कांनी ते तळघरात, वाफेत उभं राहून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. एका ठिकाणी नेमणुकीची तारीख नवी टाकली होती, जुनी नोकरी गिळून. त्यांनी कागद परत पाठवला. दोन दिवसांनी दुरुस्त होऊन आला, तेव्हा सही केली.

पुढच्या पगाराला गच्चीवर कुरबूर झालीच. "अक्का, हातात कमी आलं की हो!"

"कमी न्हाय आलं. तुझ्याच नावानं मागं ठिवलंय. दवाखान्याचंबी तेवढंच त्यात पडलंय, ती ओळ वाच." आणि पुढं, "वाचतोस का मी वाचू?"

अक्का त्यानंतर वर्षभर राहिल्या. वॉर्ड काही परत मिळाला नाही. त्यांनी मागितलाही नाही. मग सासूचं दुखणं निघालं आणि त्या गडहिंग्लजला गेल्या, तिकडच्या एका लहान दवाखान्यात. जाताना निरोपसमारंभ नको म्हणाल्या.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते गडहिंग्लजच्या मिरची बाजारात, यंदाच. एका नातेवाइकाच्या कामानं गेलो होतो. लाल ढिगांपुढं उकिडव्या बसून अक्का मिरचीचे देठ मोडून बघत होत्या आणि विकणाऱ्याशी कानडीत भांडत होत्या. केस पांढरे, पण बांधलेले तसेच. मला बघून म्हणाल्या, "तम्मा, जवळ यिऊ नगो, शिंकशील." आयकराचा नवा कायदा आला, कलमांचे आकडे सगळे बदलले, असं मी सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "ठाव हाय. बसलोय की पाठ करत. काजूच्या कारखान्यातल्या बायका येत्यात दर ऐतवारी स्लिपा घिऊन. एकीचीबी धड न्हाय." मिरची पिशवीत भरली, नाक पदरानं पुसलं, ते आणखी झोंबलं, आणि डोळ्यांतून पाणी गळत असतानाच, "चल, थांबल्या असत्याल त्या," म्हणून त्या गर्दीत घुसल्या. मागं वळून बघितलं नाही.

रेश्माला मुलगी झाली. सहा महिन्यांची पगारी रजा मिळाली, ती पूर्ण घेऊन ती त्याच वॉर्डात, त्याच पगारावर कामाला आली. तिच्यानंतर आणखी तिघींनी ती रजा घेतली, आणि त्यांतल्या एकीलाही त्यासाठी भांडावं लागलं नाही.